लाल शाईतला कोयता

स्वप्नाली सावंतला लाल पेनाचा भारी सोस. मालवणकडची पोरगी, शिक्षकभरतीत नंबर लागला तो थेट पाटोद्यापलीकडच्या एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या आठवीपर्यंतच्या शाळेत. जूनपासून दसऱ्यापर्यंत तिने आठवीच्या बावीस मुलांच्या वह्या लाल करून टाकल्या होत्या. 'पानी' दिसलं की पाणी, 'कोन' दिसलं की कोण. मुलं तिला पाठीमागे 'बाणाच्या ण'च्या मॅडम म्हणायची. तिला ते कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

शिकवायला मात्र बाई वाईट नव्हती. मुलांना गोष्टीचा सारांश लिहायला सांगितला की ती अख्खा धडा उतरवून काढतात, आणि आशय विचारला की खाली 'तात्पर्य' म्हणून एक उपदेश ठोकून मोकळी होतात, हे तिच्या लवकरच ध्यानात आलं. तेव्हा तिने पुस्तक बाजूला ठेवलं आणि ग्रामपंचायतीने दिलेल्या टीव्हीला आपला फोन जोडून लहान लहान फिल्म दाखवायला सुरुवात केली. पाच-दहा मिनिटांच्या, शक्यतो बिनसंवादाच्या, म्हणजे उतरवून काढायला वाक्यच सापडू नये. मग हाताची बोटं मोजायची. अंगठा म्हणजे कोण, पुढचं बोट कुठं, मधलं म्हणजे काय हवंय, चौथं म्हणजे काय आडवं आलं आणि करंगळी म्हणजे शेवट. पाच बोटं, पाच वाक्यं, सहावं लिहिलं तर मार्क गेला. त्याखाली आशय, म्हणजे ही गोष्ट नेमकी कशाची, ते एका ओळीत.

त्या शुक्रवारी तिने होडीची फिल्म लावली. नदीवरचा एक म्हातारा नावाडी. होडी दोन वल्ह्यांची, आणि दुसरं वल्हं मारणारा जोडीदार वारलेला. काठावर एक मुलगी दप्तर घेऊन उभी, तिची शाळा पलीकडच्या तीरावर. म्हातारा तिला हाक मारतो आणि जोडीदाराच्या रिकाम्या जागेवर बसवतो. मधोमध गेल्यावर पलीकडून शाळेची घंटा ऐकू येते. दप्तर मांडीवरून घसरायला लागतं. तिच्या एका हातात वल्हं, दुसऱ्या हातात दप्तराचा पट्टा, आणि होडी जागच्या जागी गोल फिरायला लागते. तिथेच फिल्म संपते.

वर्ग खवळला. "शेवट कुठाय, मॅडम?" "नेट गेलं का?" कुणीतरी टीव्हीची वायरसुद्धा हलवून बघितली.

तिसऱ्या बाकावर वर्षाराणी बसायची. गहिनीनाथ आणि विमलबाईची मुलगी. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, त्यामुळे सहावीपर्यंत तिची अर्धी शाळा उसाच्या फडात गेलेली. अभ्यासात बरी, बोलायला महाग. त्या दिवशी ती आपण होऊन उभी राहिली.

"मॅडम, ती पोरगी वल्हं सोडती का दप्तर?"

"त्याचाच तर विचार करायचा," स्वप्नाली मोठ्या ऐटीत म्हणाली. पोरीला हे उत्तर पुरलं नाही, हे तिला दिसलं. पण घंटा झाली होती.

शनिवारी सकाळच्या शाळेत मुलांनी सारांश लिहिले आणि स्वप्नालीने ते तिथल्या तिथे तपासले. बावीसपैकी सतरा वह्यांत 'तात्पर्य : मुलींनी घरच्यांना मदत करावी' असं होतं. तिने कपाळाला हात लावला. वर्षाराणीची पाच वाक्यं मात्र चोख होती. खाली आशयापुढे लिहिलं होतं, 'ही गोष्ट अर्ध्या कोयत्याची आहे. सोमवारी मी पण त्या पोरीसारखी अर्धा कोयता होणार आहे.'

आता होडीत कोयता कुठून आला? स्वप्नालीच्या घरी पडवीत तीन कोयते टांगलेले असायचे. नारळाला एक, झावळ्यांना एक आणि एक उगाच. कोयता म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने समासात लिहिलं, 'होडीत कोयता नाही, वल्हे!' मग 'होणार' खोडून वर 'घेणार' लिहिलं, कारण माणूस कोयता घेतो, माणूस कोयता होत नाही. आणि एका ओळीच्या जागी दोन लिहिल्या म्हणून अर्धा मार्क कापला.

"कळलं का, वर्षाराणी?"

पोरगी त्या लाल अक्षरांकडे बघत उभी राहिली. मग "हो मॅडम" म्हणाली, आणि वही टेबलावर तशीच ठेवून घरी गेली.

सोमवारी वर्षाराणी शाळेत आली नाही. स्वप्नालीला त्यात काही वावगं वाटलं नाही. परिपाठ आटोपून ती वर्षाराणीची वही घेऊन हसत हसत स्वयंपाकाच्या खोलीत शिरली. शाळेची खिचडी करणाऱ्या मदिनाबी तिथे सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मुख्याध्यापक विठ्ठलराव दाराशी उभे राहून चहा पीत होते. मदिनाबींची निम्मी हयात ऊसतोडीत गेलेली. कंबर गेली तेव्हा कोयता सुटला आणि शाळेचं पातेलं हाती आलं.

"ऐका गंमत," स्वप्नाली म्हणाली आणि तिने ती दोन वाक्यं वाचून दाखवली.

मदिनाबींचा सुपातला हात थांबला. "काय म्हनल्या, मॅडम? पुन्हा वाचा बरं."

स्वप्नालीने पुन्हा वाचलं, या वेळी 'होणार'वर जोर देऊन.

"ह्यात हसायचं काय हाय?"

"अहो, माणूस कोयता कसा होईल?"

"व्हतंय की." मदिनाबींनी सूप खाली ठेवलं. "मॅडम, आमच्यात कोयता म्हंजी नवरा-बायकू. जोडी. मुकादम टोळी जमवतो ना, तवा माणसं न्हाई धरत, कोयते धरतो. दोगं मिळून एक कोयता. एकलं माणूस म्हंजी अर्धा, आन् अर्ध्याला कुनी फडावर न्हेत न्हाई. पोरीनं लिवलंय की आज तिचं लगीन हाय."

"लग्न? अजून तुळशीचं लग्न झालं नाही. आत्ता कुठला मुहूर्त?"

"टोळीचा मुहूर्त टरक ठरवतो, मॅडम. उद्या गाड्या लागनार."

स्वप्नालीने विठ्ठलरावांकडे बघितलं. ते कपात बघत होते.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"कानावर आलं होतं," विठ्ठलराव म्हणाले. "बंकट मुकादमानं जमवलंय. सुरज म्हणून त्याच्या टोळीतला एकटा पोरगा आहे, त्याच्यासाठी. कुठं लावणार ते कुणी बोलत नाही, गावात मांडव तर नाही. मॅडम, तुम्ही आज ना उद्या बदली करून कोकणात जाल. मला ह्याच गावात म्हातारं व्हायचंय."

स्वप्नालीला लाज वाटली. विठ्ठलरावांची नव्हे, त्यांचा राग आला होता. लाज स्वतःची वाटली. पोरीने लपवून, कोड्यात काही लिहिलं नव्हतं. तिने आपल्या भाषेत सरळ सांगितलं होतं, वारासकट. आणि मॅडमनी तिचं क्रियापद तपासलं होतं.

वर्गात ती शिरली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. एकवीस मुलं गप्प बसली होती, आणि आठवीचा वर्ग आपण होऊन कधी गप्प बसत नाही.

"वर्षाराणी कुठे आहे?"

कुणी मान वर केली नाही. तिची बाकावरची जोडीदारीण बबिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. स्वप्नाली तिच्याजवळ गेली.

"बबिता, तुला माहीत आहे."

"आईची शप्पथ घातलीया, मॅडम. तुमाला सांगायचं न्हाई म्हनून." पोरीने ओढणीचा आणखी एक वेढा बोटाला घेतला. "माझी आई आजारी हाय. मी न्हाई सांगनार."

या शपथेपुढे कायद्याचं काही चालणार नव्हतं. तेरा वर्षांच्या पोरीला आईच्या जिवापेक्षा मोठं काय? दरडावून उपयोग नव्हता आणि घड्याळ तर पळत होतं. स्वप्नालीने जाऊन टीव्ही लावला. फोन जोडलेला नव्हता, नुसता निळा पडदा आला.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "शपथ मोडायची नाही. आपण फिल्मचा तास घेऊ. समज, आत्ता इथे एक फिल्म झाली. त्या फिल्मचा सारांश सांग. फिल्मचा सारांश सांगायला कुणी शपथ घातलेली नाही ना?"

बबिताने पडद्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. तिने हळूच उजवा हात बाकावर ठेवला आणि अंगठा धरला.

"एक पोरगी हाय. आठवीतली. चौदा पुरी न्हाईत."

"एकाच वाक्यात, बबि..." सवयीने स्वप्नालीच्या तोंडून गेलं आणि तिने जीभ चावली. "बरोबर आहे. पुढे. कुठं?"

"माळावर म्हसोबाचं देऊळ हाय, खडी-क्रशरच्या मागं, तितं."

"तिला काय हवंय?"

"तिला नववीला पाटोद्याला जायचंय, सायकलवर." बबिताने चौथं बोट धरलं. आता ती भराभर बोलत होती. "पन तिची आजी मेली, आन् मुकादम म्हनला पोरगी मागं एकली ठेवता कशापायी, सुरजला द्या, एक कोयता पुरा व्हतो."

करंगळी उरली. ती धरून पोरगी रडायला लागली.

"शेवट सांग, बबिता."

"शेवट न्हाई आला, मॅडम. बारा वाजता हाय."

व्हरांड्यात येऊन स्वप्नालीने १०९८ लावला. बालकांच्या मदतीची लाइन, तिचा नंबर तिने स्वतःच वर्गाच्या भिंतीवर सुंदर अक्षरात लिहिला होता. पलीकडून एका बाईचा आवाज आला आणि स्वप्नालीने सुरुवात केली ती आपण मालवणच्या, इथे कशा आलो, सारांश शिकवतो, होडीची फिल्म, मग वहीत कोयता असा शब्द...

"मॅडम, थोडक्यात सांगा," बाई म्हणाल्या.

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. अंगठा धरला. पाच वाक्यं अर्ध्या मिनिटात झाली.

"किती वाजता?"

"बारा. तुम्ही आधी पोहोचलात तर शेवट वेगळा होईल."

"ग्रामसेवकांना आणि पोलिसांना आत्ता कळवते. शाळेतला जन्मतारखेचा दाखला घेऊन जा. आणि एकट्या वाद घालू नका."

दाखला विठ्ठलरावांनी दिला. त्यांनी सही केली आणि शिक्काही मारला. स्कूटीवर मागे मदिनाबी बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "तुमची भाषा त्यांना कळायची न्हाई," एवढंच म्हणाल्या.

म्हसोबाच्या देवळापुढे वीस-पंचवीस माणसं होती. वाजंत्री नाही, भटजी नाही. मंगलाष्टकं मोबाइलवर लावायची म्हणून एक स्पीकर दगडावर ठेवलेला. दोन पाट मांडलेले. पिवळ्या साडीत वर्षाराणी उभी होती, कपाळाला मुंडावळ्या, आणि साडी इतकी मोठी की ती तिने दोन्ही मुठींत धरली होती. मॅडमना बघून तिने मान खाली घातली. सुरज वीसेक वर्षांचा असेल. तो आपल्या नव्या बुटांकडे बघत होता.

"या मॅडम," बंकट मुकादम पुढे आला. हसतच आला. "आहेर काय आणला?"

"दाखला आणलाय. मुलगी तेरा वर्षांची आहे. हे लग्न लावता येणार नाही."

"मॅडम, तुमी लेकरं शिकवा. हितं तिचा बाप हाय, माय हाय, गाव हाय. तुमी कोन?" त्याने घड्याळ बघितलं. अकरा चाळीस. कुणाचीतरी जीप येतेय का म्हणून त्याने रस्त्याकडेही बघितलं. मग मागे वळून ओरडला, "चला बे, बाराची वाट बघायची न्हाई. धरा अंतरपाट. लाव रे ते."

स्पीकर खरखरला. दोन माणसांनी धोतर उघडून धरलं. कुणीतरी वर्षाराणीला दंडाला धरून पाटाकडे नेलं. स्वप्नाली पुढे झाली तर तिच्यापुढे तिघे जण आडवे उभे राहिले. हात लावला नाही, नुसते उभे राहिले. रस्ता रिकामा होता.

तेवढ्यात मदिनाबी त्या गर्दीतून वाकत वाकत गेल्या आणि सरळ नवरीच्या पाटावर जाऊन बसल्या.

"आगं ए मदिनाबी! ऊठ तितनं."

"कंबर धरली रं बाबा. उठवंना."

"ऊठ म्हनतो ना!"

"उठिव की. धर हाताला." मदिनाबींनी खालूनच त्याच्याकडे बघितलं. "तुज्या मायसंगं बारा वर्सं ऊस तोडलाय म्या, बंकट. तू उसाच्या पाचरटात झोपायचा तवा तुज्यावर पदर धरलाय. धर, वड मला, सगळ्यांम्होरं."

बंकटने हात पुढे केला आणि मागे घेतला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तोंडाला पदर लावला, हसू लपवायला की काय कोण जाणे. मंगलाष्टकं एकटीच वाजत राहिली. पहिलं कडवं संपलं, दुसरं संपलं. नवरी उभी आणि पाटावर सत्तरीची म्हातारी, असं ते लग्न सहा-सात मिनिटं अडून राहिलं. स्वप्नालीला ती मिनिटं जन्मभर पुरणार होती.

मग क्रशरच्या बाजूने पोलिसांची जीप आली. तिच्यात ग्रामसेवक.

पुढचं सगळं कागदांचं झालं. बंकटने फोन काढून कुणाकुणाला लावले, पण दाखल्यावरची जन्मतारीख कुणाच्या फोनने बदलणारी नव्हती. अठरा पुरी होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं हमीपत्र गहिनीनाथपुढे ठेवलं. तो उंच, वाळलेला माणूस तोवर एक शब्द बोलला नव्हता. पेन हातात घेऊन तो स्वप्नालीकडे वळला.

"सही करतो, मॅडम. माझी काय हौस हाय व्हय? पन उद्या गाडी लागनार. साखर कारखाना लांब, सा म्हैने आमी न्हाई. माजी माय व्हती तवर तिच्यापाशी ठिवली. आता पोरीची जात, कुनाच्या हवाली करून जाऊ? ते बी ह्या कागदावर लिवा."

ग्रामसेवक कागद चाळत राहिले. पोलिसांनी टोपी नीट केली.

"माझ्याकडे ठेवा," स्वप्नाली म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हणालो ते. "माझ्या खोलीवर राहील."

वर्षाराणीची आई, विमलबाई, देवळाच्या मागे गेली आणि पिशवी घेऊन आली. सासरी न्यायला भरलेली पिशवी. ती तिने स्वप्नालीच्या हातात दिली आणि अगदी हळू म्हणाली, "वर लुगडी हायेत. वह्या खाली हायेत, मॅडम."

मंगळवारी बीडला बालकल्याण समितीपुढे उभं राहून सगळ्यांच्या सह्या झाल्या. आईबाप तिथूनच परस्पर टोळीच्या गाडीत बसायला गेले, आणि वर्षाराणी स्वप्नालीच्या खोलीवर आली.

बुधवारी सकाळी स्वप्नालीने मालवणला आईला फोन करून सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं, मदिनाबींच्या पाटासकट. आई दोनदा रडली. मग स्वप्नालीने ती वही वर्षाराणीपुढे ठेवली, स्वतःचं 'घेणार' खोडलं, 'होडीत कोयता नाही' हेही खोडलं आणि कापलेला अर्धा मार्क परत दिला.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "तुझं बरोबर होतं."

पोरगी हसेल असं तिला वाटलं होतं. वर्षाराणी वहीकडे बघतही नव्हती.

"मॅडम, सुरज टोळीसंगं गेला न्हाई."

"मग?"

"मायनं गाडीत बसल्यावर फोनवर सांगितलं. मुकादमानं त्याला दुसरी बगितली. उमापूरकडची. उद्या हाय."

स्वप्नालीच्या हिशेबी गोष्ट संपली होती, तिने ती आईला सांगूनही टाकली होती. आणि होडी तिकडे अजून फिरतच होती, फक्त वल्ह्यावर दुसरी पोरगी बसवली होती.

"ती बी आठवीतच हाय," वर्षाराणी म्हणाली. "तिचं नाव मला म्हायती हाय. गाव बी."

स्वप्नालीने फोन उचलला आणि नंबर लावला.

"माज्याकडं द्या," वर्षाराणी म्हणाली. "मी सांगते."

स्वप्नालीने फोन तिच्या हातात दिला आणि लाल पेनाला टोपण लावलं. पलीकडून त्याच बाईंचा आवाज आला, "बोल बाळा, थोडक्यात सांग."

वर्षाराणीने अंगठा धरला.

"एक पोरगी हाय," ती म्हणाली.